घाटेअळीचा पतंग कसा ओळखावा?

हरभऱ्याला घाटे धरू लागले, की घाटेअळीची ओळख कुणी कुणाला करून द्यावी लागत नाही. डोके घाट्यात आणि निम्मे अंग बाहेर, अशा थाटात ती दिवसाढवळ्या दाणे खाताना सापडते. शाळेतले पोरही ती बोटाने दाखवील. पण ही अळी ज्या पतंगाच्या अंड्यातून निघते, तो पतंग दाखवा म्हटले तर बहुतेक मंडळी दिव्याभोवती भिरभिरणाऱ्या कोणत्याही पाखराकडे बोट करतील. अळी दिसली म्हणजे चोर घरात शिरल्यावर दिसला. पतंग दिसला म्हणजे तो वेशीवरच दिसला. मधे चार-आठ दिवसांचे अंतर असते, आणि शेतीत चार-आठ दिवस ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

मी महाविद्यालयात भाषा शिकवतो, कीटकशास्त्र नव्हे. त्यामुळे या पाखराकडे माझे लक्ष प्रथम गेले ते त्याच्या नावांमुळे. हरभऱ्यावर ती घाटेअळी. कपाशीवर गेली की हिरवी बोंडअळी किंवा अमेरिकन बोंडअळी. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. सूर्यफूल, मका, ज्वारीचे कणीस, भेंडी, करडई, झेंडू, काही तिला वर्ज्य नाही. आपल्या देशात तिला चालणाऱ्या पावणेदोनशेहून अधिक वनस्पतींची नोंद झालेली आहे. शेतकरी पिकावरून नाव देतो आणि ते त्याच्या कामाच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण त्यामुळे एकाच घरातली मुले पाच घरांची वाटू लागतात. तुरीचे रान आणि टोमॅटोचा वाफा शेजारी-शेजारी असले, की एकाची अळी वेगळी, दुसऱ्याची वेगळी, असे धरून माणूस चालतो. पाखरू मात्र बांध ओलांडून रात्रीत इकडून तिकडे गेलेले असते.

त्यातले ‘अमेरिकन’ हे नाव तर अगदीच फसवे. हा कीटक मूळचा आफ्रिका, आशिया, दक्षिण युरोप आणि ऑस्ट्रेलिया या भागांतला. अमेरिकेत तो पोचला तो एकविसाव्या शतकात. ती हकीकत पुढे सांगतो. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. आर्मिजेरा म्हणजे लॅटिन भाषेत शस्त्रधारी. जुन्या पुस्तकांत तुम्हांला हेलिओथिस आर्मिजेरा असे नाव सापडेल. ते याच कीटकाचे. हार्डविक नावाच्या कॅनडातल्या अभ्यासकाने १९६५ साली या गटाची नव्याने मांडणी केली आणि ‘हेलिकोव्हर्पा’ हे कूळ वेगळे काढले. शिक्षकमित्रांनी जुने पुस्तक आणि नवे पुस्तक शेजारी ठेवून वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे दोन नावे पाहून दोन कीटक आहेत असा समज होणार नाही.

आता प्रत्यक्ष पतंगाकडे वळू. एक गोष्ट आधीच सांगतो, की पतंग रात्री दिव्याखाली पाहून ओळखायला जाऊ नका. पिवळ्या दिव्यात सगळेच पाखरू पिवळट दिसते. सापळ्यात सापडलेला किंवा भिंतीवर बसलेला पतंग काचेच्या बाटलीत घ्यावा, आणि सकाळी ओटीवर, उन्हात नव्हे पण चांगल्या उजेडात, पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. जवळ साधे भिंग असले तर उत्तम.

पंख पसरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन ते चार सेंटिमीटर भरतात. अंग जाडसर, लोकरीने मढवल्यासारखे. जिवंत असेल तर डोळे हिरवट चमकतात. बसताना तो पंख फुलपाखरासारखे पाठीवर उभे मिटत नाही. घराच्या पाख्यांसारखे दोन्ही बाजूंना उतरते ठेवतो. मिशा दोऱ्यासारख्या सरळ, टोकाला गाठ नाही. एवढ्यावरून तो फुलपाखरू नव्हे, पतंग आहे, हे ठरले.

पुढच्या पंखावर पाहा. मूळ रंग काहीही असो, पंखाच्या साधारण मध्यावर, वरच्या कडेच्या बाजूला, घेवड्याच्या बीच्या आकाराचा एक गडद डाग असतो. बी लहान, पण आकार तोच. त्याच्या बाहेरच्या बाजूला, पंखाच्या शेवटच्या तिसऱ्या भागात, एक आडवा काळसर पट्टा असतो. तो कधी ठळक, कधी नुसती सावली पडल्यासारखा. आणि अगदी कडेला सात-आठ बारीक काळे ठिपके ओळीने मांडलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे.

हे झाले पुढच्या पंखाचे. पण खरी खूण तेथे नाहीच. खरी खूण झाकलेली असते. टाचणीच्या टोकाने किंवा काडीने पुढचा पंख हळूच बाजूला सारा आणि मागचा पंख बघा. तो फिकट, गव्हाच्या काडाच्या रंगाचा असतो, त्यावर शिरा काळसर उमटलेल्या असतात, आणि बाहेरच्या कडेला रुंद काळपट पट्टा असतो, लुगड्याला रुंद काठ असावा तसा. या काठातच, बाहेरच्या बाजूला, एक फिकट डाग दिसतो, जणू काठावरचा रंग तेवढ्या जागी उडाला आहे. पुढच्या पंखाचा रंग बदलेल, डाग पुसट होईल; हा काठ सहसा दगा देत नाही.

रंगाबद्दल मी मुद्दामच अजून काही बोललो नाही. कारण आपण सगळे चूक करतो ती तेथेच. नवखा माणूस आधी रंग पाहतो, आणि या पतंगाच्या बाबतीत रंग हा सगळ्यांत लबाड साक्षीदार आहे.

नर आणि मादी यांचेच रंग निराळे. नर साधारणपणे हिरवट राखी, वाळलेल्या शेवाळासारखा. मादी बदामी, तांबूस, कधी विटकरीकडे झुकणारी. दोघांना शेजारी ठेवले तर हे नवरा-बायको आहेत असे कुणी म्हणणार नाही. आता यातून एक मौजेची गोष्ट होते. शेतात जो कामगंध सापळा लावतात, त्यातल्या गोळीला मादीच्या गंधासारखा गंध असतो. त्या गंधाला भुलून येतो तो फक्त नर. तेव्हा कामगंध सापळ्यात राखी-हिरवट पतंगच दिसणार. उलट दिव्याच्या सापळ्याकडे नर येतात आणि मादीही येते. ज्याच्या शेतात दोन्ही सापळे आहेत तो म्हणतो, ‘इथं दोन जातींची पाखरं आहेत, राखी रंगाची गोळीला येतात, तांबडी दिव्याला येतात.’ जाती दोन नाहीत. जात एकच, सापळे दोन तऱ्हेचे आहेत.

नर-मादी पक्की ठरवायची असेल तर आणखी एक बारीक खूण आहे, ती विज्ञानाच्या शिक्षकांनी मुलांना भिंगातून अवश्य दाखवावी. मागच्या पंखाच्या मुळाशी केसासारखा काटा असतो. तो पुढच्या पंखाच्या खालच्या आकड्यात अडकतो, म्हणजे उडताना दोन्ही पंख एकदम हलतात. नराला हा काटा एकच आणि जाडसर असतो. मादीला तेथे दोन-तीन बारीक केस असतात. रंग उडालेल्या पतंगातही हे दिसते.

रंग उडण्याचेही सांगितले पाहिजे. पतंगाच्या पंखावर जी भुकटी आपल्या बोटाला लागते ती म्हणजे बारीक खवले, घराच्या कौलांसारखे एकावर एक रचलेले. पंखाचा सगळा रंग आणि नक्षी या खवल्यांत असते. पतंग नुकताच कोशातून निघाला असेल तर नक्षी कोरी करकरीत दिसते. आठवडाभर झाडाझुडपांतून उडून झाले, की खवले झडतात आणि तोच पतंग फिकट, भुरा, ठिपके नसलेला दिसू लागतो. सापळ्याच्या पिशवीत रात्रभर तडफडलेल्या पतंगाची तर ओळख पटणेच कठीण. अशा वेळी दोन-चार पतंग तपासावेत, त्यांतला जो कमी झिजलेला असेल त्याच्यावरून निर्णय करावा.

आणि हंगाम. कपाशीवर ठिपक्यांची बोंडअळी म्हणून जी आहे तिच्या दोन जाती आपल्याकडे आढळतात. एकीच्या पतंगाचा पंख मलईसारखा पांढरट आणि मध्यभागी पाचरीसारखा हिरवा पट्टा. ही सरळ ओळखू येते. दुसरीचा पंख उन्हाळ्यात सबंध पोपटी हिरवा असतो आणि थंडीच्या तोंडावर तोच पिवळा किंवा तपकिरी होतो. म्हणजे ऋतुमानाप्रमाणे एकाच जातीचे वेष तीन. आपणही थंडीत घोंगडी घेतोच की!

मिळत्याजुळत्या पाखरांकडे आता थोडे पाहू, कारण ओळख म्हणजे निम्मे काम ‘हा तो नव्हे’ हे ठरवण्याचे असते.

सगळ्यांत अधिक घोटाळा होतो तो तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीच्या पतंगाशी, ज्याला शास्त्रज्ञ स्पोडोप्टेरा लिट्युरा म्हणतात. सोयाबीन, भुईमूग, एरंडी, कोबी यांवर ही अळी असते. पतंग आकाराने घाटेअळीच्या पतंगाएवढाच. पण त्याच्या पुढच्या तपकिरी पंखावर पिवळट-पांढऱ्या रेषांची आडवी-तिडवी जाळी असते, कुणी खडूने रेघोट्या ओढाव्यात तशी. मागचा पंख मात्र मोत्यासारखा पांढरा, त्याला रुंद काळा काठ नाही. मघाशी मागचा पंख उघडून बघा म्हणालो ते यासाठी. काठ आहे, तर घाटेअळी. पांढराशुभ्र आहे, तर ही दुसरी.

मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीचा पतंग याच दुसरीच्या कुळातला, त्यामुळे त्याचाही मागचा पंख पांढरा. हिचे ‘अमेरिकन’ हे नाव मात्र खरे आहे. ती त्या खंडातूनच आली. भारतात ती प्रथम सापडली २०१८ साली, कर्नाटकात शिवमोग्याच्या बाजूला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात शिरली. हिच्यातही नर-मादीत फरक: नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा ठसा असतो, मादीचा पंख नुसता करडा-भुरा. अळी ओळखणे अधिक सोपे. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ, आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या कड्यावर चार काळे ठिपके, चौकोनात मांडलेले. मक्याचा पोंगा उलगडून मुलांना हे ठिपके दाखवले की ती कधी विसरत नाहीत.

करडईवर मात्र जपून. तेथे घाटेअळीची एक जवळची नातलग असते, हेलिओथिस पेल्टिजेरा. तिच्या पतंगालाही मागच्या पंखावर काळा काठ असतो, म्हणून आपली मुख्य खूण येथे अपुरी पडते. पुढच्या पंखावरचा बीच्या आकाराचा डाग येथे सुटा राहत नाही; तो तपकिरी होत पंखाच्या वरच्या कडेला जाऊन मिळतो. हा फरक लक्षात ठेवला म्हणजे पुरे. रोजच्या शेतीत या दोघींचा उपाय फारसा वेगळा नाही.

पतंगापेक्षाही रंगाचा गोंधळ मोठा आहे तो अळीत. हरभऱ्याच्या एकाच ओळीत तुम्हांला गवती हिरवी, पोपटी, पिवळसर, गुलाबी, तांबूस, तपकिरी आणि जवळजवळ काळी अळी सापडेल. एक शेतकरी मला तळहातावर पाच अळ्या दाखवून म्हणाले होते, ‘गुरुजी, ह्या पाच जातीच्या आहेत, म्हणून तर औषध लागू पडत नाही.’ त्या पाचही घाटेअळ्याच होत्या. कशावरून? अंगाच्या दोन्ही बाजूंनी लांबवर गेलेली फिकट रेघ पाचही जणींना होती. पाठीवर वरपासून खालपर्यंत गडद-फिकट रेघांच्या ओळी पाचही जणींना होत्या. आणि अंगावर विरळ, ताठ, आखूड केस होते. बोट फिरवले तर कातडी किंचित खरखरीत लागते. तंबाखूवरच्या अळीची कातडी गुळगुळीत असते. तेव्हा अळी पाहताना रंग सोडा आणि रेघा व केस धरा. वऱ्हाडातला माणूस आणि कोकणातला माणूस एकच शब्द दोन सुरांत बोलतो, म्हणून काही शब्द दोन होत नाहीत. तसेच हे.

रंग बदलतो कशाने? एक कारण खाणे. झाडाच्या कोणत्या भागावर अळी पोसली, पानावर की फुलावर की फळावर, त्याप्रमाणे तिचा रंग बदलतो, हे जपानी संशोधकांनी प्रयोग करून दाखवले आहे. दुसरे कारण वय. अंड्यातून निघालेली अळी फिकट असते, डोके तेवढे काळे. पुढे पाच-सहा वेळा कात टाकताना दर खेपेस रंग पालटू शकतो. मोठी अळी साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंत भरते, आणि रंगांची ही सारी विविधता या शेवटच्या अवस्थांतच अधिक दिसते.

तिसरे कारण गर्दी. पण ते घाटेअळीपेक्षा लष्करी अळ्यांत ठळक दिसते. भातावर आणि ज्वारीवर जी आपली जुनी देशी लष्करी अळी येते, ती विरळ असली तर फिकट हिरवट-भुरी राहते, आणि हजारोंनी एकत्र वाढली की काळपट होते. टोळाचेही असेच असते. काळ्या अळ्यांचा लोंढा आला तर ‘ही कुठली नवीन जात?’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही. जुनीच जात संख्येने वाढली आहे एवढाच त्याचा अर्थ. अर्थात तोही कमी काळजीचा नव्हे.

आणि चौथे कारण आजार. झाडाच्या शेंड्याला डोके खाली करून लोंबणारी, सुजलेली, फिकी किंवा काळी पडलेली घाटेअळी दिसली, आणि हात लावताच फुटून पाण्यासारखा द्रव निघाला, तर ती विषाणूच्या रोगाने मेलेली असते. तो विषाणू माणसाला, गुराला काही करत नाही. अळीचा मात्र नायनाट करतो. याच विषाणूचे द्रावण, ज्याला थोडक्यात एचएएनपीव्ही म्हणतात, अळीवर फवारण्यासाठी मिळते. अशा मेलेल्या अळ्या शेतात दिसल्या तर त्या वेचून फेकू नयेत. त्या आपले काम करत असतात. तसेच हरभऱ्याच्या पानावर लहानसा, करडा-पांढरा, टणक कोश चिकटलेला दिसतो. पुष्कळ जण तो चिरडतात, घाटेअळीचा समजून. घाटेअळी झाडावर कोश करीतच नाही. ती जमिनीत दोन-चार बोटे खोल जाते. झाडावरचा तो कोश बहुधा एका लहान गांधीलमाशीचा, जी कोवळ्या घाटेअळीच्या अंगात अंडे घालून तिला आतून खाते. म्हणजे चिरडला जातो तो आपला मित्र.

शाळेत हे सगळे करून पाहण्याजोगे आहे, आणि खर्च काहीच नाही. हरभऱ्यावरच्या, करंगळीच्या नखाएवढ्या आठ-दहा अळ्या आणाव्यात. प्रत्येकीला वेगळी बाटली द्यायची. हे महत्त्वाचे, कारण या अळ्या एकमेकींना खातात. एका बाटलीत दहा ठेवल्या तर चार दिवसांनी दोन-तीनच गुबगुबीत सापडतील. बाटलीच्या तोंडाला फडके बांधावे. तळाशी चार बोटे ओलसर, भुसभुशीत माती. काहींना फक्त हरभऱ्याचा पाला, काहींना घाटे, काहींना टोमॅटोचा तुकडा, काहींना मिळालीच तर जास्वंदीची फुले द्यावीत. खाणे रोज ताजे, विष्ठा रोज काढावी, मुलांनी हात धुवावेत. पाला आणला त्या रानात फवारणी झालेली नसावी. मुलांनी वहीत रोज तारीख, खाणे आणि रंग लिहावा. रंग लिहिताना ‘हिरवा’ एवढ्याने भागत नाही. पोपटी, शेवाळी, मुगाच्या डाळीचा, असे शब्द वापरायला लावा. भाषेचा तास आपोआप होऊन जातो.

दोन-तीन आठवड्यांत अळ्या मातीत शिरतील. गडद तपकिरी, खारकेच्या बीसारखा गुळगुळीत कोश होईल, त्याच्या टोकाला दोन बारीक काटे असतील. दहा-पंधरा दिवसांत, थंडी कडक असेल तर आणखी काही दिवसांनी, पतंग बाहेर येतील. मग मुलांना विचारावे, कुठला पतंग कुठल्या रंगाच्या अळीचा, ते नुसते पाहून सांगा. कुणालाच सांगता येणार नाही. हिरव्या अळीचा पतंग हिरवट आणि तांबड्या अळीचा तांबूस, असे काही नसते. पतंगाचा रंग नर-मादीप्रमाणे ठरतो. एखाद्या बाटलीतून पतंगाऐवजी गांधीलमाशी किंवा केसाळ माशी निघाली तर तो प्रयोग फसला असे समजू नका. तो तर अधिक शिकवणारा धडा. निघालेले पतंग मात्र शाळेच्या खिडकीतून सोडून देऊ नका. शेजारच्या शेतकऱ्यांनी आपले काय वाईट केले आहे?

रंगावरून जात ठरवू नये, हा धडा जगाने एका इंग्लिश पतंगापासून घेतला. अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखा दिसणारा हा पांढरट पतंग. मँचेस्टरजवळ १८४८ साली त्याचा एक काळाकुट्ट नमुना सापडला. त्या शहराच्या गिरण्यांच्या धुराने झाडांची खोडे काळी पडत गेली, तसतसे काळे पतंग वाढत गेले, आणि ते शतक संपताना तेथे जवळजवळ सगळेच काळे होते. पांढऱ्या खोडावर पांढरा पतंग लपतो, काळ्या खोडावर काळा. जो दिसतो त्याला पक्षी टिपतात. धुरावर कायद्याने बंधने आली १९५६ साली, आणि पुढच्या दशकांत पांढरट पतंग पुन्हा वाढले. एवढ्या सगळ्या काळात जात एकच होती. पांढरे आणि काळे एकमेकांशी जोडा करीत होते.

याच्या उलट गोष्ट ब्राझीलची. तेथे आपल्या घाटेअळीची सख्खी बहीण शोभेल अशी एक स्थानिक जात मक्याच्या कणसांवर पूर्वीपासून आहे, हेलिकोव्हर्पा झिया. दोघींचे पतंग डोळ्यांना इतके सारखे की पंखांवरून निवाडा होत नाही. नराची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात, नाहीतर डीएनए तपासावा लागतो. २०१२-१३ च्या हंगामात तेथे सोयाबीन आणि कपाशीवर अळीने मोठा धुमाकूळ घातला, नेहमीची औषधे पुरी पडेनात. २०१३ साली तपासणीत उघड झाले, की ही आपल्याकडची आर्मिजेरा आहे. नंतर संग्रहात पडून असलेले जुने पतंग तपासले, तेव्हा ती २००८ पासूनच तेथे असल्याचे दिसले. म्हणजे पाहुणी चार-पाच वर्षे घरात राहून गेली आणि घरच्यांना ती आपलीच वाटत होती. एकाच जातीला रंगांमुळे अनेक समजणे आणि अनेक जातींना सारखेपणामुळे एक समजणे, या दोन्ही फसगती पतंगांच्या बाबतीत सारख्याच महाग पडतात.

आपल्याकडे ही किंमत कशात मोजतात ते सर्वांना माहीत आहे. अळी कोणती ते न ठरवता दुकानातून दोन-तीन औषधे आणून एकत्र कालवायची आणि फवारायची, ही रीत गावोगाव आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला कारणे पुष्कळ होती, ती सगळी ओळखीच्या अभावाशी नेऊन भिडवणे बरोबर होणार नाही. पण ज्याला आपल्या शेतात कोणते पाखरू आले आहे हे ठाऊक आहे, त्याच्या नळीतून नको ते औषध आणि नको त्या वेळी निघण्याचा संभव कमी, एवढे तरी म्हणता येते. कपाशीतच पाहा: २००२ पासून आपल्याकडे बीटी कपाशी आली, हिरव्या बोंडअळीचा त्रास तिच्यावर पुष्कळ कमी झाला, पण पुढे गुलाबी बोंडअळीने त्या कपाशीला दाद दिली नाही. ‘बोंडअळी’ एवढाच शब्द धरून बसणाऱ्याला या दोन हकीकतींचा मेळ कधीच लागणार नाही. गुलाबी बोंडअळीचा पतंग घाटेअळीच्या निम्म्या आकाराचा, गडद भुरा आणि चिमुकला असतो. तिचा कामगंधही वेगळा, गोळीही वेगळी. दुकानात गोळी मागताना पिकाचे नाव सांगू नका, अळीचे सांगा.

हरभऱ्यात हेक्टरी पाच कामगंध सापळे, पिकाच्या वर हातभर उंचीवर लावावेत आणि रोज सकाळी पतंग मोजून पिशवी रिकामी करावी. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ ते दहा पतंग येऊ लागले, तर उपायाची वेळ झाली असे कृषी विद्यापीठे सांगतात. पण मोजताना प्रत्येक पाखरू घाटेअळीचे धरू नये, कारण सापळ्यात चुकून दुसरेही पतंग शिरतात. दोन-चारांचे मागचे पंख उघडून पाहिले की खात्री होते. पतंग वाढू लागले की शेंड्याची कोवळी पाने, फुले आणि कळ्या न्याहाळाव्यात. अंडी खसखशीच्या दाण्याहून लहान, पिवळट-पांढरी, एकेक सुटी घातलेली असतात. तंबाखूवरच्या अळीसारखी केसांनी झाकलेली पुंजक्यात नसतात. ती तीन-चार दिवसांत फुटतात, आणि अळी लहान असते तोवरच पाच टक्के निंबोळी अर्क किंवा विषाणूचे द्रावण चांगले काम देते. एकदा ती घाट्यात डोके घालून बसली, की फवारा तिच्या पाठीवरून निघून जातो.

एवढे करूनही ओळख पटेना, तर पतंग कागदाच्या तिकोनी पुडीत ठेवा, कापसात नको. कापसाला खवले चिकटतात. पुडीवर गाव, तारीख, पीक आणि सापळा कामगंधाचा होता की दिव्याचा, हे पेन्सिलीने लिहा. मुंग्या लागू नयेत म्हणून पुडी पत्र्याच्या डबीत डांबराच्या गोळीसह ठेवा आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाकडे पोचती करा. मोबाइलवर फोटो पाठवायचा असेल तर दोन पाठवावेत: एक पंख मिटलेला आणि दुसरा मागचा पंख उघडलेला, शेजारी मापासाठी एक रुपयाचे नाणे ठेवून.